दुसरी गोळी

आमचे मामा शिंपी. कापडाचा तुकडा टाकणं त्यांच्या लेखी पाप. उरल्यासुरल्या चिंध्यांच्या त्यांनी इतक्या पिशव्या शिवल्या, की मामी म्हणायची, "एक दिवस मलाही पिशवीत घालून खुंटीला टांगाल." ती गेली, तेव्हा मामा रडले नाहीत. काही दिवसांनी मशीन पुन्हा सुरू झालं, एवढंच.

हल्ली मात्र त्यांना जेवण जाईना. हातापायांत त्राण नव्हतं, डोळे पिवळे दिसायला लागले. विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं." शेवटी मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "काका, लिव्हरला सूज आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीने क्वचित असं होतं. रोज एकच घेता ना?"

"दोन."

"मी तर एकच लिहून दिली होती."

"एक माझी. एक हिची."

मामीलाही तीच गोळी होती. जेवण झालं की मामा फळीवरून दोन गोळ्या काढायचे. एक तिच्या हातावर, एक स्वतःच्या तोंडात. ती नाक मुरडायची, पण घ्यायची. ती गेल्यावर तिची पाकिटं तशीच राहिली होती, हे मला ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं.

"मामा, औषध म्हणजे काय चिंधी आहे, वापरून संपवायला?"

ते शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिले. "तसं नाही. हात दोन काढतो. मग दुसरी कुणाला देऊ? काढलेली गोळी परत पाकिटात जात नाही."

मला रडू आवरेना. मामांचे पिवळे डोळे कोरडेच होते.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, गोळ्या आजपासून बंद. वेळेवर आलात, लिव्हर सुधारेल. पण आता एक जरी घेतलीत, तर मी काही करू शकणार नाही."

मामांनी मान हलवली. उठून दारापर्यंत गेले आणि थांबले.

"माझी बंद. आणि तिची?"

बाईंनी रिपोर्ट मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "तिचीही, काका."

"बरं," मामा म्हणाले. गिऱ्हाइकाने बाही आखूड करायला सांगितली की म्हणतात, तसंच.

मामीच्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची पिशवी त्यांच्या हातात होती. तिच्यातली गोळ्यांची पाकिटं त्यांनी परत येऊन टेबलावर ठेवली. पिशवी घडी करून खिशात घातली.