कालव्यावरचे उंचवटे

नाशिकमध्ये कुणालाही विचारा, सायकल घेऊन कुठे जावं? बोट पश्चिमेकडेच जातं. घाट, डोंगर, किल्ले. पण बावन्न वर्षांच्या, नुकतंच मनगटाचं हाड जुळलेल्या बाईला मातीतून, थोडा चढउतार असलेल्या पण जीव न घेणाऱ्या वाटेवर सायकल शिकायची असेल तर तिनं कुठे जावं, याचं उत्तर या अख्ख्या शहरात एकाकडेही नाही. मी तीन महिने विचारत हिंडलो. अक्षरशः वैताग आला.

ती बाई म्हणजे माझी बायको. मनगट मोडलं ते दिवाळीनंतरच्या एका रविवारी. आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका शहाण्यानं छातीठोक सांगितलं होतं की पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एकदम सोपी वाट आहे, वहिनी आरामात करतील. सुरुवात खरंच बरी होती. नागली कापून झालेली शेतं, मधून जाणारी पायवाट. मग एका वळणानंतर वाट जी खाली सुटली, ती सगळी सुट्या मुरमाची आणि दगडांची. मी पुढे होतो. मागून हिची सायकल वेगात येतेय असं ऐकू आलं, तसा मी वळून ओरडलो, "ब्रेक दाब, ब्रेक!" तिनं दाबला. सायकल जागच्या जागी थांबली आणि ही हँडलवरून पलीकडे दगडांत.

सहा आठवडे प्लास्टर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगायचो की वाटच भिकार होती, आणि ती सुचवणारा त्याहून भिकार. शेजारी आले, व्याही आले, सगळ्यांना तेच. ही सोफ्यावर बसून ऐकायची. प्लास्टर निघालं त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाली, "अजून एकदा येईन. एकदाच. पुन्हा तसंच झालं तर सायकल देऊन टाकायची आणि मला परत म्हणायचं नाही."

मी हो म्हणालो. दुसरं म्हणणार काय? ती सायकल मीच हौसेनं आणलेली, ती नको नको म्हणत असताना. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी संपून वर्ष झालं होतं, मुलं दोन्ही बाहेरगावी. नोकरीभर पाळ्यांमुळे आमच्या वाट्याला सलग चार रविवार कधी एकत्र आले नव्हते. आता सगळेच रविवार मोकळे होते आणि ते मला एकट्यानं घालवायचे नव्हते. ते एकट्यानं घालवायचे की जोडीनं, याचा निकाल आता त्या एका खेपेवर लागणार होता.

मग सुरू झालं शोधकार्य. पश्चिमेचं तर नावच काढायचं नव्हतं. चांदवडकडे एकदा एकटा जाऊन आलो. तिथं डोंगर आहेत, पण मधलं काही नाहीच. एक तर हायवे, नाहीतर थेट खडक. देवळालीच्या बाजूला मस्त माळ दिसला, जवळ गेलो तर तारेचं कुंपण आणि आत न येण्याची लष्कराची पाटी. आमच्या नाशिकरोडहून पूर्वेला निघालं की सगळं सपाट. इतकं सपाट की सायकलला गिअर कशाला दिलेत असं वाटावं. डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दुहेरी ट्रॉल्या, आणि त्यांची ती गाणी. मोबाइलच्या नकाशावर हिरवी तुटक रेघ दिसायची. दहा किलोमीटर पायडल मारून तिथं पोचावं तर ती कुणाच्या तरी बागेची वाट निघायची आणि दोन कुत्री अंगावर यायची.

ग्रुपवर विचारावं तर आणखीच डोक्याला ताप. एक म्हणाला, वहिनींना आधी जॉगिंग ट्रॅकवर फिरवा. दुसऱ्यानं सह्याद्रीतल्या कुठल्या तरी कड्याचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, फार अवघड नाही. अरे, एवढ्या मोठ्या जिल्ह्यात या दोन टोकांच्या मधे काहीच नाही का? संध्याकाळी चहा घेताना मी हे सगळं हिला तावातावानं सांगायचो. ती मेथी निवडत म्हणायची, बरं. एकदा म्हणाली, आमच्याकडे निफाडला बघितलंत का? मी तिला उडवूनच लावलं. निफाडला काय बघायचं, म्हटलं, परातीसारखा सपाट भाग तो.

निफाडजवळचं एक गाव हिचं माहेर. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, शंभरदा तरी गेलो असेन. पण जावई म्हणून जाणाऱ्याला गाव दिसतच नाही हो. ओट्यावर खुर्ची टाकतात, चहा येतो, मग जेवण येतं, मग पुन्हा चहा येतो. तुम्ही आपलं बसून राहायचं. मार्चअखेर मेहुण्याच्या घरी सत्यनारायण होता म्हणून मुक्कामाला गेलो, तेव्हा कंटाळून पहाटे मी गाडीवरची सायकल काढली आणि शेतामागून जाणारा कालवा धरला.

कालव्याच्या काठावर गाडीवाट असते. मातीची, झाडांच्या सावलीतली, रहदारी शून्य. मी म्हटलं, सापडली! आणि तेवढ्यात सायकल उडाली. पुढे बघतो तर दर पन्नास-साठ पावलांवर रस्त्यात आडवा मातीचा उंचवटा. इथले बागायतदार नदीवरून, विहिरीवरून बागेपर्यंत पाइपलाइन नेतात. ती वाटेच्या आरपार गाडतात आणि वर मातीची भर टाकतात. जितक्या बागा तितके उंचवटे. काही बसके, काही गुडघ्याएवढे. दोन किलोमीटरमध्ये माझी हाडं खिळखिळी झाली. पाइप गाडायचा तर नीट खोल गाडा ना! शिव्या घालत परतलो.

पण दुसरं काही हातात नव्हतंच. पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही सायकली घेऊन गेलो. पहिल्या उंचवट्याशी ही उतरली आणि सायकल हातानं ढकलून नेली. म्हटलं संपलं. दुसराही ढकलला. तिसऱ्यावर मात्र ती हळूच चढली आणि पलीकडे उतरली. चौथ्याला सीटवरून उठून पायडलवर उभी राहिली. मग पाचवा, सहावा. उतारावर मिळालेल्या वेगात पुढचा चढ चढायचा हे तिचं तिलाच उमगलं. मी मागे होतो, आणि मला तिचं हसू ऐकू आलं. अठ्ठावीस वर्षांत असं मोठ्यानं, एकटीनं हसताना मी तिला ऐकलं नव्हतं. शेवटचे चार-पाच मोठे होते, तिथं तिनं पाय टेकले. घामाघूम होऊन म्हणाली, "पुढच्या रविवारी पाय न टेकता सगळे." मला इतका आनंद झाला की काय सांगू. पुढचा रविवार ती स्वतःच्या तोंडानं मागत होती.

आणि मग मी जेवायला बसलो. तिथंच घात झाला.

जावयानं सासुरवाडीला जेवताना कशाला तरी नाव ठेवायचं, ही माझी जुनी खोड. मेहुण्यानं भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, कसा काय वाटला रस्ता, दाजी? ही आत होती. मी म्हणालो, रस्ता कसला, नुसते उंचवटे, माणसाची हाडं मोडायची, हिचा हात आत्ताच बरा झालाय. खरं तर मला त्यांचा काही त्रास राहिला नव्हता. बोलायचं म्हणून बोललो. तो गंभीर झाला, हं म्हणाला आणि ठेच्याचं भांडं पुढे केलं. मी ते विसरूनही गेलो.

आठवडाभर हिनं घरात त्या उंचवट्यांचाच विषय लावला होता. तो चिंचेजवळचा एका दमात करायचा का आधी थांबायचं, त्याच्या आधी गिअर कधी हलका करायचा. मला विचारायची, मी ऐटीत सांगायचो. शनिवारी तिनं माझ्या आधी टायरमधली हवा बघितली.

रविवारी सकाळी कालव्यावर मेहुणा आमची वाट बघत उभा होता. मागे ट्रॅक्टर, त्याला माती ओढायचं पातं लावलेलं. द्राक्षं उतरून झाली होती, ट्रॅक्टर मोकळाच होता. त्याच्या मागे नजर जाईल तिथपर्यंत रस्ता गुळगुळीत. एक उंचवटा शिल्लक नव्हता.

"दाजी म्हटले व्हते ना, ताईच्या हाताला तरास व्हतो," तो म्हणाला. "दोन दिस लागले, पन आता लय भारी झालाय."

दाजी म्हटले म्हणजे झालंच. त्यानं शेजारच्या सगळ्या बागायतदारांकडे जाऊन परवानगी घेतली होती, काही पाइप स्वतः खोल गाडून दिले होते. अशा माणसाला काय बोलणार? हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, छान केलंस हो. तो खूश होऊन ट्रॅक्टर घेऊन गेला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आम्ही त्या सपाट रस्त्यावरून निघालो. माझी स्वतःवर नुसती चिडचिड चालली होती, आणि सवयीनं ती बाहेर भलत्याच रूपात पडली. मी म्हणालो, काय हा तुझा भाऊ, विचारायचं तरी एकदा. ती थांबली.

"त्यानं तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या नाशिकला विचारत फिरलात. मी सातवी ते दहावी याच रानातून सायकलवर शाळेत जायचे. मला विचारलंत?"

उत्तराची वाट न बघता तिनं कालवा सोडला आणि उजवीकडे एका गाडवाटेवर सायकल घातली. ती वाट ओढ्यात उतरत होती. बैलगाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधे सुटी माती, खडे. मनगट मोडलं त्या उतारापेक्षा हा जास्तच उभा होता. मी ओरडणार होतो, तोंड उघडलंही होतं. पण ती खाली गेली होती. सीटच्या मागे सरकून, कोपर सैल सोडून. ओढ्याच्या कोरड्या तळातून तिची सायकल धडधडत गेली आणि पलीकडचा चढ चढून थांबली. तिनं पाय टेकला तो वर गेल्यावरच.

आता माझी पाळी. नेहमी पुढे असणारा मी वरती उभा राहून खाली बघत होतो. उतरून ढकलत न्यावी असं मनात आलं. तेवढ्यात पलीकडून तिचा आवाज आला. शाळेतल्या बाईंसारखा, शांत.

"मागचाच ब्रेक दाबा. पुढचा दाबू नका. त्या दिवशी मी पुढचा दाबला होता. कुठला दाबायचा ते तुम्ही सांगितलंच नव्हतंत."

इतके महिने येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मी वाटेला शिव्या घालत होतो, आणि ती सोफ्यावर बसून ऐकत होती. मी मागचा ब्रेक हलकेच धरला आणि सायकल सोडली.