सुरतच्या कुत्र्यांची खाज आणि आमच्या नंदाचं लग्न

पांढऱ्या कोटाला कुत्र्याचे केस चिकटतात ना, तसे आमच्या दवाखान्याचे किस्से मला चिकटलेत. झटकले तरी जात नाहीत! नव्वदीतली सुरत. पांडेसऱ्याला कुत्र्यांचा दवाखाना, गुजराती डॉक्टरसाहेब आणि मी त्यांचा कंपाउंडर. निम्मे पेशंट खाजेचे. मी छाती काढून सांगायचो, "आपल्या दारातून कुत्रं खाजवत परत गेलं, असं झालं नाही!"

पण हे सगळं दवाखान्यातच. नवागामच्या आमच्या खोलीत तोंड उघडायची बंदी! धाकट्या बहिणीचं, नंदाचं, लग्न जमवायचं होतं आणि दोन स्थळं "भाऊ कुत्र्यांची खाज काढतो" एवढं ऐकून परत फिरली होती. नंदाने रडून डोळे सुजवले होते. आईने मला अहिराणीत दम भरला, "दवाखानामा शे, इतलंच सांग. कोना दवाखाना, ते सांगू नको!"

*

बमरोलीचा एक लूम कामगार काळंकुट्ट कुत्रं घेऊन आला. अंगभर खरूज, वर चकाकी. मी केसपेपर लिहायला घेतला.

"रंग?"

"पांढरा."

मी कुत्र्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. गड्याने लूमचं जळकं ऑइल चोपडलं होतं! कुत्र्याने ते चाटलं, त्यामुळे पोटही बिघडलेलं. साहेब भडकले, "अरे, आ लूम छे के कूतरो?"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कारखान्यात जे मशीन कुरकुर करतं, त्याला आम्ही तेल देतो!"

साबण लावून तीनदा धुतलं, तेव्हा कुठे खरंच पांढरं निघालं. दीड महिना औषध चाललं. केस असे दाट आले की तो गडी दर रविवारी त्याला नुसता दाखवायला आणायचा.

*

कतारगामचे एक हिरेवाले शेठ. त्यांचं राणी नावाचं पॉमेरियन शेपटीच्या वर चावून चावून टकलं झालेलं. साहेब म्हणाले, पिसवांची ॲलर्जी. शेठ संतापले, "अमारा घरमां चांचड? पिसवा? शक्यच नाही!"

वाद घालण्यात मजा नव्हती. मी बारीक कंगवा फिरवला, निघालेले काळे कण पांढऱ्या कागदावर झटकले आणि त्यावर दोन थेंब पाणी टाकलं. कण लालभडक! "शेठ, हे तुमच्या राणीचं रक्त. पिसवेने प्यायलेलं, आणि मागून काढलेलं!"

शेठनी लगेच खिशातून हिरे बघायची काच काढून डोळ्याला लावली, हिरे उचलायचा चिमटा काढला आणि आमच्याच बाकावर बसून पिसवा वेचायला लागले. ज्या हातून बारीक हिरा सुटत नाही, त्या हातून पिसू काय सुटणार! बाकीचे पेशंट आपापली कुत्री विसरून बघत बसले. जाताना शेठ म्हणाले, "माल घणो छे, भरपूर!"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. थोडी फुशारकी आहे, सहन करा.

एका गिरणी-क्लार्कचं कुत्रं फक्त पोटालाच खाजवायचं. पाठ चकचकीत, पोट लाल. साहेबांनी दोनदा औषध बदललं, फरक नाही. मी विचारलं, "झोपतं कशावर?" म्हणाला, "डाइंगच्या चिंध्यांवर. फुकट मिळतात." अहो, नवागामच्या गिरणी कामगारांत वाढलोय मी! कच्च्या रंगाचं कापड अंगाला काय करतं ते आम्हाला कोण शिकवणार? चिंध्या बंद, धुतलेलं गोणपाट सुरू. पंधरा दिवसांत पोट साफ!

साहेबांनी भरल्या दवाखान्यात सांगितलं, "आजे रोग कंपाउंडरे पकड्यो!" मी हवेत. घरी येऊन सांगायला लागलो, तर आईने दार लावलं. "हळू बोल, शेजारी ऐकतील!" त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग आले बमरोलीचे पाहुणे. मुलगा लूमवर मास्टर, घर चांगलं, नंदालाही फोटो आवडलेला. हेही गेलं तर पुढे काय, म्हणून आई देवासमोर तीनदा जाऊन आली.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही दवाखान्यात म्हणे. कसला दवाखाना?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कातडीचा!"

तेवढ्यात बाहेरून आरोळी. "कंपाउंडर साब! शेरू का कान देखो!" दवाखाना बंद म्हणून घर शोधत आलेला मिलचा वॉचमन, आणि त्याचा भलाथोरला अल्सेशियन थेट पाहुण्यांच्या मध्ये! खाजवून खाजवून कान फाटलेला, सगळीकडे रक्त. मुलाची आई खाटेवर चढली. वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे... कुत्र्यांचा?"

आईचा चेहरा पांढराफटक. मी शेरूकडे बघितलं. त्याला परत पाठवणं माझ्याच्याने झालं नाही. "हो, कुत्र्यांचा," मी म्हणालो, आणि औषधांची पेटी ओढली.

शेरू दात दाखवायला लागला. वॉचमन स्वतःच घाबरून साखळीच्या दुसऱ्या टोकाला. आणि आमची नंदा! आई झोपल्यावर माझ्याकडून चोरून किस्से ऐकत शिकलेली पोरगी. चहाचा ट्रे आईच्या हातात दिला, नव्या साडीचा पदर खोचला, पेटीतली पट्टी काढून शेरूच्या तोंडाला पक्का फास टाकला.

"दादा, मी तोंड धरते. तू कान बघ."

मुलगा तोवर एक अक्षर बोलला नव्हता. तो उठला, कडक इस्त्रीच्या पँटचे गुडघे जमिनीला टेकवून नंदाच्या समोर बसला, आणि म्हणाला,

"मागचे पाय मी धरतो."