बांधावर बायकोला गप केलं तो दिवस

मी चौथी शिकलेला माणूस. तरी डिंभ्याच्या धरणाच्या वरल्या अंगाला आमच्या गावात हायस्कूल निघालं, त्याच्या शाळा समितीचा मी अध्यक्ष होतो. का, तर जागा आमच्या भावकीनं दिलेली आणि माझा आवाज मोठा. पुस्तकात काय आहे ते मला वाचता येत नव्हतं धड, पण शाळेत काय शिकवायचं ते मीच सांगणार, असं मी धरून चाललो होतो.

दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मुलगी दहावीला होती. एका संध्याकाळी ती चुलीपाशी बसून आईला धडा वाचून दाखवत होती. माणसाचा आणि माकडाचा पूर्वज एकच, सगळे जीव हळूहळू बदलत आले, असा काहीतरी. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. तिनं शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण दोनदा म्हणाली, "परत वाच." मी ते ऐकलं आणि मारुतीच्या पारावर जाऊन सांगितलं. तिथं माझीच चेष्टा झाली.

"म्हंजी अध्यक्षांचा पणजा शेपटीवाला व्हता म्हना की राव."

"मंग मारुतीला आता चुलता म्हनायचं का?"

हसण्यावारी गेलं असतं, पण मला झोंबलं. मी म्हणालो, सरकारचं पुस्तक आहे, बंद नाही करता येणार. पण देवानं जग घडवलं तेही त्याच तासाला शिकवलं पाहिजे. दोन्ही बाजू सांगा, पोरं ठरवतील. लोकांना ते लई पटलं. मलाही माझं कौतुक वाटलं.

विज्ञानाचे सर राजुरीकडचे, तरणे, गावात खोली घेऊन राहायचे. भात कापणीला आलं होतं. आमच्याकडं रीत अशी, की कापणीच्या आधी घरची बाई उभ्या भातात फिरते आणि चांगल्या लोंब्यांना चिंधी बांधते. त्या लोंब्या वेगळ्या कापायच्या, पुढल्या सालाचं बियाणं म्हणून. आमच्या घरात हे काम बायकोचं. ते दाखवायला सर दहावीचा वर्ग घेऊन आमच्या खाचरावर आले. मला कळलं तसा मी दहा-बारा माणसं घेऊन बांधावर गेलो.

"सर, एक धडा शिकवता तर दुसराबी शिकवायचा," मी म्हणालो. "देवाचा."

"भाऊ, देवळात मीपण हात जोडतो," सर म्हणाले. "पण विज्ञानाच्या तासाला जे तपासून बघता येतं, तेच मला सांगता येईल. दुसरं सांगितलं तर पोरांना फसवल्यासारखं होईल."

मी भाताकडं बोट केलं. "ह्या चिंध्या कुनी बांधल्या? भात काय आपसूक सुधारलं? निवडणारं मानूस लागलं ना? मंग येवढ्या जगाला निवडणारा नको?"

"आता बोला सर," माणसं म्हणाली.

सर तोंड उघडणार, तेवढ्यात बायको भातातनं बोलली. पदर खोचलेला, मुठीत चिंध्या.

"आवो, मी निवडते ते खरं. पण वाऱ्यानं जे आडवं पडलं, शेवटचं पानी नाय मिळालं म्हनून जे पोचट राह्यलं, ते काय मी नाय काढलं. ते आपलंआपन गेलं. मी नसते तरी जे टिकलं त्याचंच दाणं पुढं उगावलं असतं."

सर वर्गाकडं वळले. "ऐकलंत? मावशींनी अख्खा धडा सांगितला."

पोरं हसली. माझ्या मागनं कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, मास्तर तर तुमच्या घरातच हाय."

मी बायकोला म्हणालो, "अंगठा उठवतीस तू. तुला काय कळतं? घरी जा, भांडी घास."

मुलगी पुढच्याच रांगेत उभी होती. बायकोनं मुठीतल्या चिंध्या बांधावर ठेवल्या आणि गेली. निम्म्या खाचराचं बियाणं त्या साली काढायचं राहून गेलं. परत खाचरात जा असं मी म्हणालो नाही, तिनं चिंध्यांना हात लावला नाही.

मग आम्ही समितीत ठराव केला, दोन्ही शिकवा म्हणून. सरांनी मानला नाही. सरांना हलवा म्हणून शाळेच्या संस्थेकडं अर्ज गेला, पहिली सही माझी. वर्षाच्या मधेच सरांची बदली झाली. परीक्षेपर्यंत विज्ञानाला दुसरं कुणी आलं नाही. मुलगी विज्ञानात काठावर सुटली, तिच्या वर्गातली चार पोरं नापास झाली. पारावर मी जिंकल्यासारखा बसत होतो.

बायको त्याबद्दल एकदाच बोलली. "सरांना जाऊन भेटा. चुकलं म्हना. तेवढ्यानं तुमी बारीक नाय होनार." मी हो म्हणालो. मग कधी लावणी आली, कधी लग्नसराई, कधी एसटीच आली नाही. असं करत सहा वर्षं घालवली. सातव्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं ती गेली.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मी मंचरला, मग आळेफाट्याला गाडी बदलून राजुरीला सरांच्या घरी गेलो. सरांनी ओळखलं. बसायला दिलं, पाणी दिलं. मी म्हणालो, "सर, माझं चुकलं. अर्ज केला ते चुकलं. धड्याचंबी चुकलं."

"माझं सोडा भाऊ. बदली झाली, नोकरी काय गेली नाही," सर म्हणाले. "मी अजून दर साली वर्गाला मावशींच्या लोंब्यांचं सांगतो. त्यांना म्हणालात का हे कधी?"

"नाय."

सर हळू आवाजात म्हणाले, "मग माझ्याकडं कशाला आलात?"

येताना एसटीत मी तोंड खिडकीकडं करून बसलो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

आता हे लिहितोय. अक्षर वाकडं आहे, मुलगी नीट करून देईल. त्या दिवशी बांधावर जे होते त्यांतले बरेच अजून आहेत, ते वाचतील. बायकोचं बरोबर होतं. ते मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं होतं. कळलं म्हणूनच तिला घरी हाकललं.