मुकी टेप आणि वरच्या मजल्यावरचा टीव्ही

गिऱ्हाइकांनी तिचं नाव ठेवलं होतं मुकी टेप. बायकांचे कोट शिवणारी ही शिंपीण माप घेताना आकडा कधी बोलायची नाही. टेप फिरवायची, भुवई जराशी उचलायची, की झालं. बाहेर गिऱ्हाइकाचा नवरा बसलेला असो नाहीतर सासू, कंबरेचा आकडा पडद्याबाहेर जायचा नाही. फोनवर पाठमोरा फोटो काढायचा, बोटानं फोटोवरच मापं लिहायची आणि तो कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा, ही तिची पद्धत.

नवरा नेमका उलट. जन्मभर बसमध्ये कंडक्टर. निवृत्त झाला, पण आवाज अजून ड्यूटीवरच. त्यानं "चहा झाला काऽऽ?" विचारलं की समोरच्या इमारतीतून "नाही अजून!" असं उत्तर यायचं.

वरच्या मजल्यावर धाकटा दीर आणि जाऊ. दोन्ही घरांत मिळून इंटरनेट एकच. त्याचा डबा खालच्या घरात, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर.

एका सकाळी जाऊ सुई मागायला खाली आली आणि जाता जाता म्हणाली, "ताई, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई हो! डावा खांदा केवढा उतरलाय त्यांचा! कोटात कळतसुद्धा नाही. कमाल आहे बाई तुमची!"

मुकी टेपची कात्री कापडातच थांबली. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंचा तो खांदा उतरला होता. कोटात आतून गादी घालून ती तो असा काही वर उचलायची, की रोज समोर तोंड उघडून बसणाऱ्या पेशंटांनाही पत्ता लागला नव्हता. ही गोष्ट दोघींतच होती. आणि नव्या कोटाच्या ट्रायलला बाई उद्याच यायच्या होत्या.

जाऊ जिना चढली, तशी ती नवऱ्याकडे वळली. "कुणाला बोललात?"

"मीऽऽ? अगं, मी नुसती बटणं लावतो! मला खांदा कुठला आणि बाही कुठली तेही कळत नाही!"

"तुम्ही कुजबुजलात तरी चौकात ऐकू जातं."

हे त्याला फार लागलं. बटणांचा डबा आपटून तो स्वतःची अब्रू सोडवायला वर गेला. थोड्या वेळानं सगळ्या इमारतीनं ऐकलं, "अगंऽऽ, वर येऽऽ! डॉक्टरीणबाई टीव्हीवर आहेत!"

खरंच होत्या. टीव्हीवर काही लावलेलं नव्हतं आणि पडद्यावर एकामागून एक फोटो सरकत होते. डॉक्टरीणबाईंची पाठ दाराएवढी, आणि तिच्यावर मुकी टेपचंच अक्षर.

"रिकामा बसला की दाखवतो तो," जाऊ म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच पाठवता कौतुकानं."

भांडायचं कुणाशी? ती खाली आली आणि तिनं इंटरनेट कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एक माणूस एका दमात वाचू लागला, "मॅडम आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत आपला डबा चालू आहे का?"

"चालू आहे, म्हणून तर गैरसोय झाली."

तो फिस्सकन हसला आणि मग माणसासारखा बोलायला लागला. एका डब्यावरची दोन घरं म्हणजे डब्याच्या दृष्टीनं एकच खोली. कॉम्प्युटर नवा असताना त्यानं विचारलं असणार, खोलीतल्या बाकीच्यांना फोटो दाखवू का म्हणून. कुणीतरी हो म्हटलं असणार.

"विचारलं होतं खरं," नवरा चक्क हळू आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, या, आत जागा आहे."

मग फोनवरचा माणूस सांगत गेला, ती करत गेली. आधी फोटो दाखवणं बंद. मग डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड बदलला, जो पहिल्या दिवसापासून डब्याच्या बुडालाच छापलेला होता. मग वायफायचा, जो नवऱ्यानं आल्यागेल्या प्रत्येकाला गॅलरीतून ओरडून सांगितलेला होता. शेवटी वरच्या घरासाठी त्याच डब्यावर पाहुण्यांचं वेगळं वायफाय. तिथून इंटरनेट मिळतं, खालचा कॉम्प्युटर दिसत नाही.

"पाहुणे?" जाऊ जिन्यातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या घरात राहून माझी मुलं कॉलेजात गेली, आणि आता आम्ही पाहुणे?"

"नाव तुला हवं ते दे. दार मात्र वेगळं."

"आणि मला नवा पासवर्ड?" नवऱ्यानं विचारलं.

"फोन द्या इकडे. मीच घालते."

दुसऱ्या दिवशी पडद्याआड डॉक्टरीणबाई कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. गप्प बसणं मुकी टेपला कुणी शिकवायला नको होतं, आणि आज गप्प बसली असती तर कळलंही नसतं कुणाला. पण ती बोलली.

"बाई, तुमचा फोटो वरच्या टीव्हीवर दिसला. मापांसकट. जावेनं पाहिला, दिरानंही पाहिला असेल. चूक आमच्या घरची. आता कंपनीच्या माणसाला फोनवर विचारून बंद केलंय. कोट दुसरीकडून करून घ्यायचा असेल तर कापड बांधून देते."

डॉक्टरीणबाईंनी आरशात बघत डाव्या खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "फोटो पुसा. माझ्यासमोर."

तिनं पुसला. बाई एकदम वळून म्हणाल्या, "आमच्या दवाखान्याचं इंटरनेट खालच्या केस कापणाऱ्याबरोबर आहे. पेशंटांचे सगळे एक्स-रे माझ्या कॉम्प्युटरवर. आणि त्याच्याकडे भिंतभर टीव्ही आहे."

मुकी टेपनं इंटरनेट कंपनीचा नंबर कागदावर लिहून पुढे केला.

"तो फोनवरचा माणूस बरा आहे का हो?"

"आधी पोपटासारखा बोलतो. हसवलं की माणसात येतो."

डॉक्टरीणबाईंनी कोट काढला आणि डावा हात बाजूला धरला. "फोटोबरोबर मापंही गेली ना? घ्या पुन्हा. पटकन. आणि तोंडानं बोलू नका."

मुकी टेपनं भुवई जराशी उचलली.