खालून आलेली ओल

ओल दिसली की आम्ही रत्नागिरीची माणसं आधी वर बघतो. इथे ओमानमध्ये, माबेलातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांची गादी खालून ओलसर लागायला लागली, तेव्हा मीही तेच केलं. सुट्टीचे दोन शुक्रवार भर उन्हात गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे हात मारले, जिथे वर्षातून बोटावर मोजण्याइतक्या वेळा पाऊस पडतो तिथे. बायको हसत होती. बाबा मात्र गंभीरपणे कोपरे दाखवत होते.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे आणलं. त्यांना जमिनीवर झोपायची सवय. खाट आणतो म्हटलं तर ऐकेनात. ऑगस्टमध्ये त्यांना खोकला झाला आणि एक दिवस त्यांनी शांतपणे सांगितलं, तिकीट काढ, मी गावी जातो. गावी बंद घर आणि त्यात एकटे ते. मला ते अजिबात मान्य नव्हतं. मी महिनाभराची मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात खाली गाडी लावताना माझ्या टकलावर टपकन थेंब पडला. वर बघतो तर पार्किंगचं छत, म्हणजे आमच्याच घराची जमीन, घामाने डबडबलेली. वर एसी, खाली मोकळी दमट हवा, मध्ये उघडी स्लॅब. तीच ओल शोषून वर बाबांच्या गादीपर्यंत पोचवत होती. स्वतःचा असा राग आला! गेली कित्येक वर्षं मी इथे एसीच्या थंड पाइपांना काळं रबर गुंडाळतोय. थंड वस्तूला दमट हवा लागली की पाणी सुटतं, हे नवीन माणसांना मीच शिकवतो. घरचं तेवढं दिसलं नाही.

घरमालक ओमानी, भला माणूस, पण छताला खालून रबर लावायची परवानगी मागितली की इन्शाल्ला म्हणून मोकळा व्हायचा. पाचव्या वेळी मी त्याला त्या छताखाली शिडीवर चढवलं आणि वर हात लावायला सांगितलं. ओल्या हाताकडे बघत तो यल्ला म्हणाला, म्हणजे चल, लाग कामाला.

मग दोन दिवस एसी बंद ठेवून स्लॅब वाळू दिली. आम्ही उकडून निघालो. त्यानंतरचे सगळे शुक्रवार मी शिडीवर, मान मोडेपर्यंत गोंद आणि रबराच्या शीट. बाबा खाली खुर्ची टाकून बसायचे आणि फटी शोधायचे. वैताग यायचा, पण प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर असायचं. एक अख्खी शीट मी त्यांच्यामुळे उपटून पुन्हा लावली.

मुदत संपली त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून गादी उचलली. खालची फरशी कोरडी होती. बाबांनी तिच्यावरून दोनदा हात फिरवला. तिकिटाचं मीच विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “गावचं घर कुणाला तरी राहायला दे. बंद राहिलं तर तेही ओल धरेल.”

माझे डोळे भरून आले. आई गेल्यापासून त्या घराची किल्ली त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती.