भाषेसाठी एकच रकाना

मी राहते मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात. तिथून फ्रीवेने चाळीस मिनिटांवरच्या एका वृद्धाश्रमात मी केअरर होते, म्हणजे म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, फिरवणं. आमच्या विंगमध्ये सगळे फिनलंडचे आजी-आजोबा. तरुणपणी कामाला आले, इथेच राहिले, आणि म्हातारपणी एकेकाचं इंग्रजी गळून चाललं होतं. म्हणून ती विंग फिनिशमध्येच चालायची. भिंतीवरच्या पाट्या फिनिश, रविवारची गाणी फिनिश, दोन नर्सेसही फिनिश. मला त्याचं भारी कौतुक. म्हटलं, याला म्हणतात भाषेचा मान! नाहीतर आम्ही, दोन मराठी माणसं भेटली की हिंदीत सुरू.

मग मेलबर्नचं ते न संपणारं लॉकडाउन आलं. भेटायला येणं बंद. त्यातच दोन्ही फिनिश नर्सेस कुणा पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात आल्या आणि चौदा दिवस घरी बसल्या. मोठी नर्स फोनवर म्हणाली, ‘लिहून घे, हे रोज प्रत्येकाला सांग.’ मी कार्डावर देवनागरीत तीन फिनिश वाक्यं उतरवली. बाहेर मोठा आजार आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी सध्या येऊ शकत नाही. ते बरे आहेत. मध्ये त्या त्या मुलाचं नाव घालायचं. पाढ्यासारखं पाठ केलं मी ते, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूशही होते.

सात नंबरच्या खोलीतले आजोबा मात्र काही केल्या ऐकेनात. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी गेलं होतं, बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. आता त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. सूप नाही, चहा नाही, गोळ्या थुंकून टाकायचे. डॉक्टर टॅबलेटवरूनच बघायचे. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत प्यायला लागले नाहीत तर हॉस्पिटलला हलवावं लागेल. त्या दिवसांत आमच्याकडून हॉस्पिटलला गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांची मुलगी रोज फोनवर रडायची, ‘बाबांना एकट्याला पाठवू नका हो.’

मी आपला आग्रह सुरू केला, अगदी घरच्यासारखा. एक घोट माझ्यासाठी, एक घोट लेकीसाठी. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची शील्ड, अंगात गाऊन, अशी त्यांच्या उशाशी बसून मी ती तीन वाक्यं म्हणायचे. आजोबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग मी आणखी सावकाश म्हणायचे, आणखी मोठ्याने म्हणायचे. शहाणीच मी!

बुधवारी शेजारच्या खोलीतल्या आजींना कॉफी देताना मी वैतागून बोलले. या आजींचं इंग्रजी शाबूत होतं आणि जीभही. ‘तुमच्या भाषेत इतकं सांगते, तरी ऐकत नाहीत.’

‘माझ्या भाषेत सांगतेस,’ आजी म्हणाल्या. ‘त्याच्या भाषेत कुठे सांगतेस?’

मला कळेचना. तेव्हा त्यांनी सांगितलं की हा माणूस फिनलंडचाच, पण एका बेटावरचा. तिथे सगळे स्वीडिश बोलतात. फिनिश त्याला कधी धड आलंच नाही. बायको फिनिश होती, होती तोवर तीच त्याच्या वतीने सगळ्यांशी बोलायची.

‘अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?’

‘मला विचारलं कुणी? न विचारता दुसऱ्याच्या बाबतीत आम्ही तोंड घालत नाही.’ त्यांनी शांतपणे कॉफी ढवळली. ‘आणि ही विंग फिनिश आहे. इथे राहायचं तर त्याने शिकायला हवं होतं.’

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! माणूस मरायला टेकलाय आणि हिचं काय चाललंय! पण तोंडाशी आलेले शब्द गिळले, कारण दोनच महिन्यांपूर्वीचं आठवलं. दुसऱ्या विंगमधल्या एका तमिळ आजींशी ‘इंडियनमध्ये’ बोल म्हणून आमच्या इन-चार्जने मला पाठवलं होतं, आणि मी तिला उभं करून चांगलं फैलावर घेतलं होतं. भारतात किती भाषा आहेत, मराठी वेगळी, तमिळ वेगळी, हिंदी म्हणजे अख्खा देश नाही, सगळं ऐकवलं होतं. आणि फिनलंडचा माणूस म्हणजे फिनिश, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. लाज वाटली मला. भयंकर लाज वाटली.

आजोबांच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, ‘हो, लहानपणी स्वीडिश बोलायचे म्हणे. आमच्याशी कधी बोलले नाहीत, घरात इंग्रजीच. फॉर्मवर भाषेसाठी एकच रकाना होता, मी फिनिश लिहिलं.’

इन-चार्जचं म्हणणं, फाइलमध्ये फिनिश आहे, आधी ते बदलू दे, मग दुभाषी मागवू. मी तिच्या टेबलासमोरून हललेच नाही. गुरुवारी आरव्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, तीनच्या सुमारास, फोनवर एक स्वीडिश दुभाषी बाई मिळाल्या. मी फोन आजोबांच्या उशीवर ठेवला.

बाईंनी नमस्कार केला असावा. आजोबांचे डोळे उघडले. ओठ हलले, आवाज फुटेना. मग खरखरीत, तुटक असं काहीतरी ते बोलले. मी म्हटलं, ‘काय म्हणताहेत? प्लीज, सांगा ना.’

‘ते विचारताहेत,’ बाई म्हणाल्या, ‘माझ्या मुलीला पुरलं कुठे?’

दुभाषी बाई त्यांना विचारत विचारत त्यांचं म्हणणं मला सांगत गेल्या. ही तोंड झाकलेली बाई रोज येते, माझ्या मुलीचं नाव घेते, तेवढंच मला कळतं. आणि मुलगी आता येत नाही.

‘सांगा त्यांना, ती जिवंत आहे,’ मी ओरडलेच. ‘आत्ता सांगा!’

बाईंनी सांगितलं. दोनदा सांगितलं. आजोबांनी मान हलवली, नाही. त्यांचा विश्वास बसेना. मी मुलीला फोन केला आणि ती पाऊण तासात बागेतून त्यांच्या खिडकीशी आली. काचेपलीकडे उभं राहून तिने मास्क काढला. नियमात बसत नव्हतं. मी न बघितल्यासारखं केलं. आजोबांनी काचेवर तळवा टेकला आणि ते लहान मुलासारखे रडले.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटाने टेबल दाखवलं. ग्लास तिथे ठेवून मी दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांनी उचलला आणि मुलीकडे बघत सगळा संपवला. शुक्रवारी त्यांना कुठेही न्यावं लागलं नाही. पण त्यानंतर पाणी त्यांनी माझ्या हातून कधीच घेतलं नाही.