वीस व्होल्ट कुठे गेले?

दिरानं आपल्या वहिनीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या लग्नात नव्हे, त्यानंतर चार वर्षांनी. त्याचं इस्त्र्या आणि हीटर दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस डबा द्यायला कोणी नव्हतं म्हणून वहिनी आली. डबा ठेवला, पण निघेना. भिंतीवर तपासायला लावलेल्या दोन दिव्यांकडे टक लावून पाहत तिनं विचारलं, "भावोजी, वीज दोघांना एकाच तारेतून येते ना? मग हा एवढा लखलखतोय आणि तो तोंड पाडून का बसलाय?"

"त्याचा रोध जास्त आहे. अडवतो जास्त, म्हणून प्रवाह कमी जातो."

"किती अडवतो?"

"ते मोजावं लागतं. व्होल्टला अँपिअरनं भागायचं, रोध निघतो. गुणलं की वॅट."

"मग मोजा की!"

डबा गार झाला. आणि वर्षाच्या आतच वहिनी कामाच्या टेबलापाशी बसू लागली. प्रत्येक इस्त्रीची तिच्या वहीत नोंद असे. वर व्होल्ट आणि अँपिअर, खाली भागाकार, शेजारी गुणाकार. घरीही तिला चैन नसे. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "मोकळी सोडली तर माझाही रोध मोजेल ही!" त्यावर वहिनीचा नवरा म्हणायचा, "आई, तुझा मोजायला मीटर कशाला? सगळ्या घराला ठाऊक आहे."

दोन वर्षं सुरळीत गेली. मग एका लाँड्रीवाल्याची इस्त्री परत आली. आतली तापणारी कॉइल वहिनीनंच बदललेली. दुकानात लावून पाहिली, छान तापली, गेली. आठवड्यानं पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा लाँड्रीवाल्यानं ती टेबलावर आपटलीच. "चादरीच्या चुण्या जात नाहीत हिनं. ताईंना जमत नसेल तर तसं सांगा, माझ्या सहाही इस्त्र्या दुसरीकडे नेतो."

तो गेल्यावर दिरानं इस्त्री उलटीपालटी करून पाहिली. मग खाली बघत म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण आता ही परत आली, तर टेबलावर मला दुसरा माणूस बसवावा लागेल."

वहिनीनं मीटर पुढे ओढला. इस्त्री प्लगला लावली. दोनशे वीस व्होल्ट, चार पूर्णांक चार अँपिअर. भागाकार पन्नास ओहम. गुणाकार नऊशे अडुसष्ट वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीला अगदी रास्त.

"इथे तर शहाण्यासारखी वागते," ती पुटपुटली. "तिथे जाऊन काय करते कोण जाणे. चला, बघून येऊ."

दिराला हे नवीनच होतं. इस्त्री दुकानात यायची, दुकानाच्या प्लगवर तापायची आणि जायची. मीटर घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी जायचं कधी कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

लाँड्रीत इस्त्री चालू ठेवून तिनं इस्त्रीच्या प्लगपाशी मोजलं. दोनशे व्होल्ट. चार अँपिअर.

"बघा, अँपिअर घसरले!" लाँड्रीवाला म्हणाला. "कॉइलच खराब."

"दादा, दोनशे भागिले चार किती?"

"पन्नास."

"दुकानातही पन्नासच आले होते. म्हणजे कॉइल आहे तश्शी आहे. तिला व्होल्ट कमी मिळताहेत. हजाराची इस्त्री तुमच्याकडे आठशेवर दिवस काढतेय."

तिनं भिंतीवरच्या बोर्डापाशी मोजलं. तिथे दोनशे वीस होते.

"मग मधले वीस व्होल्ट कुठे गेले?" घरातली पळी हरवल्यासारखी ती इकडेतिकडे पाहू लागली. मग गुडघ्यांवर बसून, बोर्डापासून इस्त्रीच्या प्लगपर्यंत लाँड्रीवाल्यानं ओढलेल्या वायरीच्या मागे निघाली. वायर बारीक होती आणि लांबलचक. टेबलाखाली तिचं वेटोळं होतं आणि वेटोळ्यावर धुतलेल्या चादरींची चळत. तिनं हात घातला आणि झटकन काढला.

"वीस गुणिले चार, ऐंशी. लोकांच्या चादरींखाली ऐंशी वॅटची शेगडी पेटवून ठेवलीय तुम्ही, दादा!"

लाँड्रीवाल्यानं चळत उपसली. सगळ्यांत खालची चादर पिवळी पडली होती. "वायर पायात येऊ नये म्हणून नीट गुंडाळून ठेवली हो," तो कसाबसा म्हणाला.

जाड, आखूड वायर जोडल्यावर मीटरनं दोनशे अठरा दाखवले. लाँड्रीवाल्यानं एक चादर दाबून पाहिली, मग दुसरी, आणि पाण्याचा तांब्या आणून ताईंपुढे ठेवला.

परतीच्या वाटेवर दीर म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. टेबल तुमचंच."

तिचं लक्ष नव्हतं. "भावोजी, वायरीचा रोध पाच ओहम निघतो. गुंडाळली काय नि पसरली काय, तेवढाच राहणार. मग पसरली असती तर इतकी पोळली असती का?"

"उद्या पसरून बघू," तो म्हणाला.

आता वहिनी अठ्ठावन्न वर्षांची आहे. दुकान सकाळी दहाला तीच उघडते आणि दुपारची कामं गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन करते.